कचऱ्याचा मक्ता आणि माणसाची किंमत

महानगरपालिकेची निविदासूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, कोपऱ्यात, बारीक टाइपात छापलेली असते. ‘घरोघरचा कचरा संकलित करून वाहतूक करणे’ असे कामाचे नाव, अंदाजित रक्कम, इसारा रक्कम आणि शेवटची तारीख. आपल्यापैकी फारच थोडेजण ती वाचतात. आपण अग्रलेख वाचतो, संमेलनाध्यक्षाचे भाषण वाचतो, त्यावर वादही घालतो. आणि ज्या चार ओळींत आपल्या वस्तीतील कित्येक कुटुंबांच्या पुढील पाच-सात वर्षांच्या भाकरीचा निकाल लागलेला असतो, त्या ओळींवरून आपली नजर घसरून जाते. हा लेख त्या चार ओळींविषयी आहे.

जळगाव आणि धुळे ही खानदेशातील दोन शहरे समोर ठेवून हे लिहीत आहे. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या चार लाख साठ हजार होती, धुळ्याची पावणेचार लाख. दोन्ही ठिकाणच्या नगरपालिका २००३ साली महानगरपालिका झाल्या. दोन्ही शहरांत पहाटे झाडू घेऊन निघणारा, घंटागाडीवर उभा राहून डबे रिकामे करणारा आणि कचरा डेपोवर गोणी घेऊन वाकलेला माणूस कोणत्या वस्तीतून येतो, हे सांगावयास पाहणी लागत नाही. प्रश्न असा की या माणसाचे निविदेत स्थान काय? तेथे कचऱ्याला दर आहे, गाडीला दर आहे, डिझेलचा भाव वाढला तर वाढीव दराचे कलम आहे. उचलणाऱ्या माणसाचा उल्लेख ‘आवश्यक मनुष्यबळ मक्तेदाराने पुरवावे’ अशा एका ओळीत उरकलेला असतो, आणि कचऱ्यातून वस्तू वेचणाऱ्या बाईचा उल्लेख बहुधा नसतोच.

वतन, नोकरी आणि मक्ता

हे एका रात्रीत झालेले नाही. महारवतनाची रीत आठवावी. काम रात्रंदिवसाचे, हुकूम सरकारचा आणि गावाचाही. मोबदला मात्र बलुत्याच्या रूपाने, गावाच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, त्यामागे साधा विचार होता: काम निश्चित करा आणि त्याचा पुरेसा मोबदला निश्चित करा. ते विधेयक तडीस गेले नाही. ही वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने संपली.

गाव सोडून शहरात आलेल्यांना नगरपालिकेने जे काम दिले ते झाडूचे, गटारीचे आणि मैल्याचे. जात तीच राहिली. फरक एवढाच की महिन्याच्या महिन्याला पगार मिळू लागला, भविष्यनिर्वाह निधी आला, काहींना चाळीत खोली मिळाली. १९७२ ची लाड समिती आणि त्यानंतरची पागे समिती यांच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळण्याची वाट महाराष्ट्रात खुली झाली. या वारसाहक्काकडे दोन्ही डोळ्यांनी पाहावयास हवे. बापाच्या जागी मुलगा म्हणजे बापाच्या हातातला झाडू मुलाच्या हातात. एका अर्थाने ते झाडूचे वतनच होते. पण याच पगारावर अनेक घरांतील मुले शिकली, शिक्षक झाली, कारकून झाली, लिहू लागली. आज या पानांवर लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांच्या शिक्षणामागे अशी कुणाची तरी हजेरी आहे.

नंतर भरती आटली. नगरपालिका-महानगरपालिकांचा आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत हवा, अशी अट शासनाने घातली. ज्यांचा खर्च त्यापलीकडे गेला त्यांना नव्या जागा भरणे अवघड झाले. शहर मात्र वाढत राहिले. मग कायम कामगाराचा पगार ज्या शीर्षाखाली पडतो ते शीर्ष बाजूला ठेवून तेच काम मक्त्याने द्यावयाचे, म्हणजे खर्च ‘आस्थापना’ न राहता ‘सेवा’ होतो. वही बदलली, झाडू तोच राहिला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात नाशिकने घंटागाडी सुरू केली आणि तिचा कित्ता महाराष्ट्रभर गिरविला गेला. घंटागाडीबरोबर मक्ताही आला. जळगावात २०१९ साली शहराची दैनंदिन सफाई व कचरा संकलन पाच वर्षांच्या मक्त्याने एका खासगी कंपनीकडे सोपविण्यात आले. वतनात काम होते, पगार नव्हता. नोकरीत काम होते आणि पगारही होता. मक्त्यात काम आहे, पगारही आहे, पण तो देणारा मालक कोण, हे विचारले की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो.

निविदा कशी चालते

निविदेची रीत समजून घेतल्याखेरीज तिच्याशी झगडता येणार नाही. प्रथम आरोग्य विभाग अंदाजपत्रक करतो: रोज किती टन कचरा, किती गाड्या, किती फेऱ्या. मग अटी-शर्तींचा मसुदा होतो. त्याला मंजुरी मिळाली की निविदा प्रसिद्ध होते. इच्छुकांनी दोन लिफाफे द्यावयाचे; आता ते संगणकावर भरले जातात, तरी नाव लिफाफाच. पहिल्यात पात्रता: मागील काही वर्षांची उलाढाल, अशाच कामाचा अनुभव, यंत्रसामग्री, इसारा रक्कम. दुसऱ्यात दर. पहिला लिफाफा उघडून अपात्र ठरले ते गळतात. उरलेल्यांचा दुसरा लिफाफा उघडतो आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याला, स्थायी समितीच्या किंवा सभागृह नसेल तेव्हा प्रशासकाच्या मंजुरीने, काम मिळते. नंतर सुरक्षा अनामत, करारनामा आणि कार्यादेश.

वरवर पाहता यात कुठेही जात नाही. पण एकेक अट उलगडून पाहा. उलाढालीची अट कोट्यवधींची. वीस वर्षे गल्लोगल्ली कचरा वेचलेल्या बायांची सहकारी संस्था ती कोठून आणणार? अनुभवाची अट अशी की महानगरपालिकेचे काम केल्याचा दाखला हवा. म्हणजे ज्याला काम मिळाले त्यालाच काम मिळेल. ज्या बाईला पुठ्ठा, पत्रा, काच आणि दहा जातींचे प्लॅस्टिक नुसत्या बोटांच्या स्पर्शाने ओळखता येते, तिचा अनुभव कागदावर नाही म्हणून तो अनुभवच नव्हे. पूर्वी शाळेच्या दाराबाहेर बसविलेल्या मुलाला ‘तुला वाचता येत नाही’ असे सांगण्यासारखेच हे आहे.

आणि ‘सर्वांत कमी दर’ म्हणजे काय? गाडीची किंमत सर्व मक्तेदारांना सारखीच पडते. डिझेलही कुणाला स्वस्तात मिळत नाही. मग एक मक्तेदार दुसऱ्यापेक्षा कमी दर भरतो तो कशाच्या जोरावर? कमी करता येण्याजोगी वस्तू एकच उरते: माणसाची मजुरी, त्याचे हातमोजे-बूट, त्याची साप्ताहिक सुटी, त्याचा भविष्यनिर्वाह निधी. न्यूनतम दराची स्पर्धा ही मुळात आपल्या माणसाला किती खाली नेता येईल याची स्पर्धा असते.

निविदा ही तांत्रिक बाब आहे, त्यात साहित्यिकांचे आणि विचारवंतांचे काय काम, असे कुणी म्हणेल. जळगावकरांना तरी असे म्हणता येणार नाही. झोपडपट्टीवासीयांसाठी काढलेल्या घरकुल योजनेच्या मक्त्यावरून जो खटला उभा राहिला, त्यात २०१९ साली धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. त्यात दोन माजी मंत्री आणि अनेक माजी नगरसेवक होते. त्याविरुद्ध अपिले झाली, तो न्यायालयाचा विषय. पण गरिबांसाठीच्या कामाचा मक्ता कोणत्या अटींवर आणि कोणाला दिला जातो, हा लोकांचा प्रश्न आहे, एवढा धडा खानदेशाने स्वतःच्या अंगावर घेतला आहे.

वजनाचे अर्थशास्त्र

मक्तेदाराला पैसे मिळतात ते टनावर. भरलेली गाडी भुईकाट्यावर चढते, पावती निघते आणि पावत्यांच्या बेरजेवर बिल निघते. ही साधी दिसणारी पद्धत कचऱ्याच्या पुनर्वापराच्या मुळावर कशी येते, ते एका उदाहरणाने पाहू. आकडे समजुतीसाठी धरले आहेत.

समजा, टनाला एक हजार रुपये दर आहे. एका टनात शंभर किलो पुठ्ठा, प्लॅस्टिक, पत्रा असा विकाऊ सुका माल आहे आणि त्याला किलोमागे सरासरी दहा रुपये येतात. वेचणाऱ्या बाईने हा माल गल्लीतच बाजूला काढला, तर तिला हजार रुपये मिळतील. शहराचा शंभर किलोचा वाहतूकखर्च वाचेल. डेपोवरचा ढीग तेवढा कमी होईल. सगळ्यांचा फायदा, तोटा फक्त मक्तेदाराचा, कारण त्याचे वजन शंभर किलोने घटले. म्हणून त्याला वेचणारी बाई नको असते. वजनाचा हिशोब आणखी एक वाट दाखवितो: प्लॅस्टिक हलके असते, माती आणि बांधकामाचा राडारोडा जड. कचऱ्यात राडारोडा मिसळून वजन वाढविल्याच्या तक्रारी महाराष्ट्रातील अनेक शहरांत झाल्या, त्या माणसे विशेष वाईट म्हणून नव्हेत. करारच तसे करावयास सुचवितो म्हणून.

आता हा शंभर किलो माल जातो कोठे, हेही पाहिले पाहिजे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील प्लॅस्टिकच्या चटया देशभर जातात. त्या चटयांसाठी पुनर्वापराच्या प्लॅस्टिकचा दाणा लागतो. आपल्या घरची फुटकी बादली, मोडकी खुर्ची, चिरलेला डबा वेचणारीच्या गोणीतून भंगारवाल्याकडे जातो, तेथून मोठ्या व्यापाऱ्याकडे. त्याची निवड होते, तुकडे होतात, ते धुतले जातात, वितळवून त्याचा दाणा होतो आणि दाण्याची चटई. या साखळीत प्रत्येक पायरीवर किंमत वाढत जाते आणि पहिल्या पायरीवरचा हात सर्वांत स्वस्त राहतो. तरी त्या हाताचा या मालावर आजवर एक अलिखित ताबा होता. उकिरडा कुणाचाच नव्हता, म्हणून तो तिचा होता.

घंटागाडीने हा ताबा गेला. कचरा दारातून थेट गाडीत आणि गाडीतून डेपोवर. सुका कचरा करारानुसार मक्तेदाराचा झाला, किंवा गाडीवरचे कामगार तुटपुंज्या मजुरीला जोड म्हणून तो वेगळा काढून विकू लागले. म्हणजे आपल्याच वस्तीतील एकाचे पोट आपल्याच वस्तीतील दुसऱ्यावर पाय देऊन भरावयाचे. अहिराणीत सांगायचे तर, गाडी वनी अन् पोट गयं. शहर स्वच्छ झाले हे खरे. पण ही स्वच्छता कुणाच्या खर्चाने झाली, हा हिशोब कोणत्याही अंदाजपत्रकात मांडलेला नाही.

कायदा काय म्हणतो

कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या कायद्यात एक महत्त्वाचे तत्त्व होते. मक्तेदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यावयाची आणि मक्तेदाराकडून वसूल करावयाची. महानगरपालिका ही मूळ मालक. कायदा वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता. म्हणून मुंबईत कचऱ्याचे काम वीसपेक्षा कमी माणसांच्या तुकड्या पाडून, संस्थांच्या नावाने, देण्याची युक्ती निघाली. कामगाराला ‘स्वयंसेवक’ म्हणावयाचे आणि मजुरीला ‘मानधन’. स्वयंसेवकाला हक्क कसले? कचरा वाहतूक श्रमिक संघाने याविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबई महानगरपालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निवाडा उचलून धरला. नाव काहीही द्या, नाते मालक-कामगाराचेच आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

२०२५ च्या नोव्हेंबरात जुने कामगार कायदे जाऊन चार संहिता आल्या. थकलेल्या मजुरीची मूळ मालकावरील जबाबदारी त्यांतही राहिली. मात्र वीसची मर्यादा पन्नासवर गेली. शिवाय, संस्था त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर सफाई आणि कचरा उचलणे हे तिचे ‘गाभ्याचे’ काम नव्हे, अशी व्याख्या आली. गाभ्याच्या कामात कंत्राटाला मनाई आहे, म्हणून ही व्याख्या महत्त्वाची. येथे आपण विचारले पाहिजे: शहर स्वच्छ ठेवणे हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य १९४९ च्या तिच्या कायद्यातच लिहिलेले आहे. ते जर तिचे गाभ्याचे काम नसेल, तर दुसरे कोणते?

वेचणाऱ्यांविषयीही नियम मुका नव्हता. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकाची व्याख्या केली, त्यांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना घरोघरच्या संकलनात सामावून घेण्याचे काम स्थानिक संस्थांवर सोपविले. नियम झाला, निविदेच्या मसुद्यात मात्र तो क्वचितच उतरला.

दुसरी वाट

दुसरी वाट नाही, असे नाही. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, डॉ. बाबा आढाव तिच्या पाठीशी होते. तिच्यातील बहुसंख्य बाया दलित, अनेक घरे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. प्रथम ओळखपत्र मिळविले, म्हणजे पोलिसाने चोर म्हणून हटकणे थांबावे. मग २००८ साली या बायांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पुणे महानगरपालिकेने करार केला. कचरा दारातून त्या घेणार, घरमालक महिन्याचे ठरावीक शुल्क देणार आणि सुका माल विकण्याचा हक्क त्यांचाच राहणार. तीन हजारांहून अधिक सभासद त्यात आल्या. मुदत संपली की कराराचे नूतनीकरण दरवेळी भांडून घ्यावे लागले, पण वेचणारी बाई करारातील एक पक्ष झाली, ही गोष्ट मोठी आहे.

याच प्रश्नावर दूर दक्षिण अमेरिकेत, कोलंबिया देशाच्या बोगोता या राजधानीत, वेचणाऱ्यांनी निविदेलाच न्यायालयात खेचले. शहराने मक्त्याच्या अटी अशा ठेवल्या होत्या की फक्त मोठ्या कंपन्याच पात्र ठराव्यात. २००३ साली तेथील घटनात्मक न्यायालयाने सांगितले की ज्यांची उपजीविका या कामावर आहे त्यांना वगळणे घटनेच्या विरुद्ध आहे. तरीही पुन्हा तसेच झाले, तेव्हा २०११ साली न्यायालयाने संपूर्ण निविदाच थांबविली. २०१३ पासून वेचणाऱ्यांना ते पुनर्वापरासाठी जितका माल देतात त्याच्या वजनावर शहर पैसे देऊ लागले. वजनाचाच काटा, पण उलटा फिरविलेला: डेपोवर नेऊन टाकण्याबद्दल नव्हे, डेपोवर जाऊ न दिल्याबद्दल पैसे.

आपल्याकडे कायद्याची अडचण आहे, निविदेशिवाय काम देता येत नाही, असे अधिकारी सांगतील. पण महाराष्ट्रातच सार्वजनिक बांधकामाची ठरावीक मर्यादेपर्यंतची कामे मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले मक्तेदार यांच्यात वाटून देण्याची पद्धत आहे. खडी फोडणाऱ्याच्या संस्थेला राखीव वाटा देता येतो, तर कचरा वेचणारीच्या संस्थेला का नाही? अर्थात मजूर संस्थांच्या आड कागदी मजूर आणि खरे मक्तेदार कसे लपतात, हेही आपण पाहिले आहे. म्हणून संस्था खऱ्या काम करणाऱ्यांची हवी, हिशोब उघडा हवा.

एक आक्षेप

आपल्यातील काहीजण विचारतील आणि त्यांनी विचारलेच पाहिजे: मेलेली ढोरे ओढणे सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले. मग कचऱ्याचा मक्ता आपल्या बायांना मिळावा, असे म्हणणे म्हणजे त्यांना पुन्हा उकिरड्याला बांधणे नव्हे काय?

हा आक्षेप मी हलका मानीत नाही. पण ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्याच्या कामी धुळ्यास आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले, त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी जे हजारो लोक तेथे जमतात त्यांच्यात झाडूवाल्या बायाही असतात, हे विसरून चालणार नाही. गलिच्छ काम सोडा म्हणणारे बाबासाहेब १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगारांचा संघ उभारणारेही होते. या दोन गोष्टींत विरोध नाही. जो आज त्या कामात आहे त्याला पूर्ण मोबदला, मान आणि सुरक्षितता. आणि त्याच्या मुलाला त्या कामाबाहेर जाण्याची मोकळी वाट. पहिले नसेल तर दुसरे होत नाही, कारण अर्ध्या मजुरीवरचा बाप मुलाला शाळेत नव्हे, गाडीवर पाठवितो. आणि हे काम पुरेशा पगाराचे, यंत्रांचे, हातमोज्यांचे झाले, तर ते इतर जातींचे लोकही करू लागतील. कामाची जात तेव्हाच जाईल.

आता काय करावे

जळगाव आणि धुळे येथील कार्यकर्त्यांनी पुढची निविदा निघण्याची वाट पाहत बसू नये. चालू कराराची प्रत माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने मागावी आणि ती वस्तीत बसून मोठ्याने वाचावी. पुढच्या मसुद्यात पाच गोष्टी याव्यात, असा आग्रह धरावा. मजुरीचा खर्च दराच्या स्पर्धेबाहेर ठेवावा. तो आधी निश्चित करावा आणि मक्तेदारांनी उरलेल्या खर्चावर व नफ्यावर दर भरावेत. मजुरी थेट बँकेत जमा झाल्याचा व भविष्यनिर्वाह निधी भरल्याचा पुरावा पाहिल्याशिवाय बिल निघू नये. मक्तेदार बदलला तरी कामगार तेच राहावेत. शहरातील वेचणाऱ्यांची नोंद करून त्यांना ओळखपत्रे द्यावीत. सुका कचरा वेगळा करण्याचे आणि विकण्याचे काम त्यांच्या संस्थेला उलाढालीची अट न लावता द्यावे. आणि पैसे केवळ वाहून नेलेल्या टनावर न देता डेपोपासून वाचविलेल्या किलोवरही द्यावेत.

या मागण्या क्रांतीच्या नाहीत. करारातल्या पाच कलमांच्या आहेत. पण बलुत्याच्या काळापासून आपल्या श्रमाचा भाव दुसऱ्यांनीच ठरविला. तो भाव आता बारीक टाइपात, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ठरतो. तेव्हा तो कोपरा वाचावयास शिकणे, हेही आपल्या साक्षरतेचेच काम आहे.